नदी एक, वीज एक, पासवर्ड एक. मग बॅकअप दुसरा कसा?

एका रुग्णालयाचे संगणक सांभाळणाऱ्यानं मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत साठ खाटांचं रुग्णालय, तीन सर्व्हर. एकावर रुग्णनोंदी, बिलं आणि औषध दुकान सांभाळणारं सॉफ्टवेअर, ज्याचा डेटाबेस पोस्टग्रेस. दुसऱ्यावर पॅक्स, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी आणि सीटीच्या प्रतिमा. तिसऱ्यावर टॅली आणि ऑफिसच्या फायली. सगळं मिळून चार टीबी. रोज रात्री दोन वाजता त्याच खोलीतल्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर, बॅकअप होतो, आणि दर शनिवारी एका हार्डडिस्कवर प्रत काढून ती शहरातल्याच विश्रामबागला घरी नेली जाते. याला ऑफसाइट, म्हणजे जागेबाहेरची प्रत म्हणायचं का? क्लाउडवर टाकायचं तर खर्च किती, वेळ किती? आणि संचालक डॉक्टरांना हे पटवायचं कसं?

बावीस वर्षं मी हेच काम करतोय, त्यातली बरीचशी कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक चांगली गोष्ट. तुम्ही दर शनिवारी न चुकता डिस्क घरी नेता, हे मी पाहिलेल्या निम्म्याहून अधिक संस्थांपेक्षा पुष्कळ बरं आहे. तरीही याला मी ऑफसाइट म्हणणार नाही. एक तर डिस्क एकच आहे. शनिवारी संध्याकाळी ती सर्व्हरला जोडलेली असते तेव्हा मूळ डेटा, नॅस आणि डिस्क अशा तिन्ही प्रती एकाच खोलीत, एकाच विजेच्या बोर्डावर असतात. म्हणजे आठवड्यातले तेवढे तास तुमच्याकडे बाहेर काहीच नसतं. नवी प्रत लिहिताना जुनी पुसली जात असेल, तर मधेच वीज गेल्यावर जुनीही नाही आणि नवीही अर्धवट. निदान दोन डिस्क घ्या आणि आलटून पालटून न्या. एक घरी पोचल्याशिवाय दुसरी घराबाहेर पडायची नाही. हे या आठवड्यातच करा, बाकीचं ठरायला वेळ लागेल.

आता ‘ऑफसाइट’ शब्दाकडे येतो. लोक मला विचारतात, किती किलोमीटर लांब? मी उलट विचारतो, दोन प्रतींमध्ये सामाईक काय काय आहे? कागदावर लिहून काढा. नदी, विजेचं उपकेंद्र, रस्ता, इंटरनेटची केबल, क्लाउडचं खातं, ॲडमिनचा पासवर्ड, सॉफ्टवेअरचा व्हेंडर, आणि शेवटी माणूस, म्हणजे तुम्ही स्वतः. या यादीत जे जे दोन्हीकडे सारखं निघेल, त्यातलं एक बिघडलं की दोन्ही प्रती एकदम जातात.

नदीपासून सुरुवात करू, कारण सांगलीत ती टाळताच येत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. विश्रामबाग नदीकाठच्या गावभागापेक्षा उंचावर आहे, हे खरं. तुमची डिस्क कदाचित कोरडी राहील. पण त्या आठवड्यात वीज नव्हती, रस्ते बंद होते, माणसं बोटीतून हलवली जात होती. कोरडी डिस्क हातात घेऊन तुम्ही ती कुठल्या सर्व्हरला जोडणार? दुसरी प्रत कोल्हापूरला ठेवली तरी तीच अडचण. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेलाच मिळते आणि पाऊस दोन्हीकडे एकाच वेळी कोसळतो. २०१९ ला आणि २०२१ ला, दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला. पुणे बरं, कारण मुळा-मुठेचं पाणी भीमेला जातं. तिथेही पूर येतो, पण भीमा कृष्णेला मिळते ती सांगलीच्या पुष्कळ खाली. नागपूर, हैदराबाद त्याहून बरं.

२०१९ चाच माझा एक अनुभव सांगतो, कारण यादीतली सगळ्यात फसवी ओळ, म्हणजे पासवर्ड, तो दाखवतो. कोल्हापुरात शाहूपुरीच्या बाजूला एक व्यापारी पेढी होती, सर्व्हर तळमजल्यावर. त्यांची दुसरी प्रत पुण्यात होती, रोज रात्री जात होती आणि नीट एन्क्रिप्ट केलेली होती, म्हणजे पासफ्रेज या लांब पासवर्डाशिवाय वाचता येणार नाही अशी. पाणी शिरलं, सर्व्हर गेला. मला वाटलं, आपली खरी परीक्षा हीच आणि आपण तयार आहोत. मी मालकांना फोन केला, पासफ्रेज सांगा म्हटलं. पलीकडे शांतता. पासफ्रेज एका डायरीत लिहिली होती आणि डायरी तळमजल्यावरच्या काउंटरच्या खणात होती. मी ती स्वतः ठेवून घेतली नव्हती, कारण ग्राहकाची किल्ली आपल्याजवळ नसावी असं माझं तेव्हाचं मत होतं. पाणी ओसरेपर्यंत पाच दिवस सगळे थांबलो. डायरी मिळाली तेव्हा पानं एकमेकांना चिकटली होती. पंख्याखाली ठेवून, पोस्टकार्ड सरकवून एकेक पान सोडवलं. बॉलपेननं लिहिलेलं होतं म्हणून अक्षरं टिकली होती. शाई असती तर निळा डाग उरला असता. एक अक्षर शून्य आहे की इंग्रजी ओ, ते कळेना. दोन्ही करून पाहिलं आणि दुसऱ्या वेळी उघडलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक ठिकाणी पासफ्रेज कागदावर छापून दोन बंद पाकिटांत ठेवायला लावतो. एक बँकेच्या लॉकरमध्ये, दुसरं दुसऱ्या गावातल्या विश्वासू माणसाकडे. ही गोष्ट मी आधी का केली नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

वीज आणि आग यांच्याबद्दल फ्रान्समधलं उदाहरण देण्यासारखं आहे. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या इमारतीचा काही भाग गेला आणि बाकीच्या बंद ठेवाव्या लागल्या. ज्यांनी पैसे भरून बॅकअप घेतला होता त्यांच्यातल्या काहींच्या प्रती त्याच आवारात होत्या, त्याही गेल्या. तेव्हा क्लाउडवाल्याच्या पानावर ‘बॅकअप चालू’ असं बटण दिसलं, म्हणजे प्रत दुसऱ्या गावी गेली असं धरू नका. प्रत कुठल्या शहरात आहे ते लेखी विचारा.

पुरापेक्षाही अधिक वेळा घडणारी आपत्ती म्हणजे रॅन्समवेअर, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आणि तिथे किलोमीटरचा काहीच उपयोग नाही. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्समध्ये तेच झालं. सरकारनं संसदेत सांगितल्याप्रमाणे पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टीबी डेटा कुलूपबंद झाला. ओपीडीची नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, सगळं जवळपास दोन आठवडे कागदावर चाललं. मात्र रुग्णनोंदींचा डेटा परत मिळाला, कारण एका बॅकअप सर्व्हरला लागण झालेली नव्हती. तुमच्या डॉक्टरांना सांगायला हे उदाहरण पुरेसं आहे. देशातल्या इतक्या नावाजलेल्या रुग्णालयाला एका शाबूत प्रतीनं वाचवलं.

आता तुमचं नॅस बघा. ते विंडोज डोमेनमध्ये (सगळ्या संगणकांच्या सामाईक लॉगिनमध्ये) जोडलेलं असेल आणि बॅकअपचा फोल्डर सर्व्हरवर ड्राइव्ह म्हणून दिसत असेल, तर सर्व्हरवर शिरलेला व्हायरस तो फोल्डरही त्याच रात्री कुलूपबंद करेल. नॅसचा पासवर्ड वेगळा हवा, तो ब्राउझरमध्ये साठवलेला नको, आणि नॅस बाहेरून इंटरनेटवर उघडं तर अजिबात नको. घरून बघायला सोयीचं पडतं म्हणून राउटरवर पोर्ट उघडून ठेवलेली नॅस मी कितीतरी पाहिली आहेत. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाच्या हल्ल्यात क्यूनॅप कंपनीची इंटरनेटवर उघडी असलेली नॅस अशीच सापडली. फायली सेव्हन-झिपच्या पासवर्डबंद गठ्ठ्यांत कोंबून पैसे मागितले गेले.

क्लाउडच्या खात्याचंही तसंच. २०१४ च्या जूनमध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या ॲमेझॉन खात्यात कुणीतरी शिरलं आणि सर्व्हर, स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या त्या क्षणाच्या प्रती), बॅकअप, जे दिसेल ते पुसत गेलं. बॅकअप होते, पण त्याच खात्यात, त्याच किल्लीच्या हाताखाली. कंपनी बंद पडली. म्हणून दुसरी प्रत वेगळ्या खात्यात ठेवा, आणि ते खातं वेगळ्या ईमेलवर, वेगळ्या मोबाइलवर असू द्या. मुख्य सर्व्हरकडे फक्त नवीन लिहिण्याचा हक्क असावा, जुनं पुसण्याचा नसावा.

हे प्रत्यक्षात कसं करायचं? दोन वाटा आहेत.

पहिली, ॲमेझॉनच्या एस३ सारख्या क्लाउड साठवणीत ऑब्जेक्ट लॉक, म्हणजे फायली पुसू न देणारं कुलूप, चालू करायचं. त्यात एक प्रकार असा आहे की ठरवलेली मुदत संपेपर्यंत खुद्द खात्याचा मालकसुद्धा फाइल पुसू शकत नाही. मुदत आधी लहान ठेवा, ३० दिवस. चुकून दहा वर्षं टाकलीत तर दहा वर्षं भाडं भरत बसावं लागेल.

दुसरी वाट, पुण्यात ओळखीच्या ठिकाणी स्वतःचं छोटं यंत्र ठेवायचं. बऱ्याच डॉक्टरांचे नातेवाईक पुण्यात दवाखाना चालवतात, तिथे एका कोपऱ्यात इन्व्हर्टरवर हे यंत्र वर्षानुवर्षं चालतं. त्यावर रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमचा सर्व्हर ‘फक्त भर घाला’ या पद्धतीत लावायचा आणि दोन्हीकडच्या मधे वायरगार्डचा बोगदा, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणी, टाकायची. रेस्टिक पाठवण्याआधीच एन्क्रिप्ट करतं, त्यामुळे पुण्यात कुणी यंत्र उचलून नेलं तरी त्याला काही वाचता येणार नाही. तुमच्या शनिवारच्या डिस्कचं काय? ती बॅगेतून स्कूटरवर जाते ना? तिच्यावर हजारो रुग्णांची नावं आणि निदानं आहेत. विंडोजचं बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, आजच लावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ही जबाबदारी रुग्णालयावर आहेच, पण कायदा नसता तरी ती होतीच.

‘फक्त भर घाला’ पद्धतीत एक बारीक खाच आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. जुन्या प्रती कधीतरी काढाव्या लागतातच आणि ते काम पुण्याच्या यंत्रावरूनच करायचं. पण ‘शेवटच्या सात प्रती ठेव, बाकी काढ’ असा नियम लावलात, तर आत शिरलेला माणूस पुढच्या तारखा टाकून सात पोकळ प्रती भरेल आणि तुमचाच नियम खऱ्या प्रती पुसून टाकेल. म्हणून नियम प्रतींच्या संख्येवर नको, काळावर हवा. ‘गेल्या ६० दिवसांतलं सगळं ठेव’ असा. आणि पुसण्याआधी माणसानं यादीवर एकदा नजर टाकायची. महिन्यातून दहा मिनिटांचं काम आहे.

आता तुमच्या तीन सर्व्हरकडे. तिघांना एकच औषध देऊ नका.

रुग्णनोंदींचा डेटाबेस आकारानं लहान असतो. तुमचा साठ जीबीच्या आसपास असेल असं धरतो. पण तो दर मिनिटाला बदलतो. रात्री दोनचा बॅकअप आणि सर्व्हर संध्याकाळी सातला गेला, तर सतरा तासांच्या नोंदी, औषधं आणि बिलं गेली. आयसीयूतल्या रुग्णाला दुपारी कुठलं इंजेक्शन दिलं, हे कुणाच्या तरी आठवणीवर सोपवायचं का? डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा, ‘किती तासांच्या नोंदी गेल्या तर चालतील?’ ते म्हणतील, एकही नाही. मग पंधरा मिनिटं चालतील का, असं विचारा. साधारण तिथे येऊन थांबतात.

पोस्टग्रेसमध्ये हे अवघड नाही. दररोज रात्री पूर्ण प्रत घ्यायची आणि दिवसभर त्याचे वॉल लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाच्या नोंदी, बाहेर पाठवत राहायचं. दर पाच मिनिटांनी तुकडा बंद करायला सांगितलं तर दिवसाला १६ एमबीचे २८८ तुकडे होतात. बहुतेक अर्धे-पाऊण रिकामे असतात, दाबल्यावर अगदी थोडे उरतात आणि साध्या फायबर लाइनवरून सहज जातात. पीजीबॅकरेस्ट नावाचं साधन हे सगळं सांभाळतं. याचा आणखी एक मोठा फायदा आहे. कुणी दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी चुकून अख्खा तक्ता पुसला, तर तुम्ही ३ वाजून ९ मिनिटांच्या स्थितीला परत जाऊ शकता.

एक चूक मात्र मी वारंवार पाहतो. डेटाबेस चालू असताना त्याचा फोल्डर तसाच आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमनं उचलायचा. कॉपी होते, आकार जुळतो, सगळे समाधानी. पण पहिली फाइल दोन वाजताची असते आणि शेवटची पावणेतीनची. ती प्रत उभी राहीलच याची खात्री नसते, आणि उभी राहिली तरी आतले आकडे एकमेकांशी जुळतील याची तर नसतेच. तुमचा व्हेंडर नेमका काय करतो, ते त्याच्याकडून लेखी घ्या.

पॅक्सचा स्वभाव अगदी उलट. साडेतीन टीबी आहे, पण एकदा काढलेला एक्स-रे पुन्हा बदलत नाही. रोज फक्त भर पडते, तुमच्या आकाराच्या ठिकाणी समजा पाच जीबी. ५० एमबीपीएसच्या अपलोडवर पाच जीबी जायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. खरी अडचण पहिल्या फेरीची. चार टीबी त्याच लाइनवरून पाठवायला, लाइन पूर्ण मोकळी मिळाली तरी सात दिवसांवर वेळ जातो, आणि ती पूर्ण मोकळी कधीच मिळत नाही. म्हणून पहिली प्रत इथेच यंत्रावर भरायची, यंत्र गाडीत घालून पुण्याला न्यायचं आणि तिथून पुढे फक्त रोजची भर पाठवायची. क्लाउडच घ्यायचा असेल तर तीन आठवडे रात्रीची लाइन त्यालाच देऊन टाका.

‘प्रतिमा फार मोठ्या आहेत, त्यांचा बाहेर बॅकअप परवडत नाही’ असं तुमच्याकडे कुणीतरी म्हणणारच. दक्षिण कोरियात नेमकं हेच म्हटलं गेलं होतं. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनमधल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली जिथे साठत, त्या जी-ड्राइव्हवरचा ८५८ टीबी डेटा गेला. त्याची बाहेर प्रत नव्हती, कारण साठा फार मोठा म्हणून घेतलेलीच नव्हती. कर्मचाऱ्यांना मात्र कामाच्या फायली आपल्या संगणकावर न ठेवता तिथेच ठेवायला सांगितलेलं होतं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या लोकांचाच विचार करत होतो. त्यांनी सांगितलं तसंच केलं होतं.

टॅली आणि फायलींबद्दल फार लिहीत नाही. रोजचा बॅकअप पुरतो. एवढंच की रुग्णालय प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर हिशेबाच्या पुस्तकांची प्रत भारतात असलेल्या सर्व्हरवर दररोज घेणं २०२२ च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे. आधी ते ‘ठरावीक काळानं’ असं होतं. तुमच्या सीएंना विचारा, त्यांना माहीत असेल. परदेशातली स्वस्त साठवण हिशेबासाठी घेऊ नका.

खर्चाचं गणित. एस३ च्या मुंबई विभागात नेहमीच्या साठवणीला दर जीबीमागे महिन्याला अडीच सेंटच्या आसपास पडतात. चार टीबीचे शंभर डॉलर, म्हणजे नऊ हजार रुपयांच्या आसपास आणि वर जीएसटी. जुन्या प्रतिमा थंड साठवणीत, म्हणजे क्वचित लागणाऱ्या फायलींच्या स्वस्त साठवणीत, टाकल्या तर हा आकडा पुष्कळ खाली येतो. पण सगळ्यात थंड प्रकारातून फाइल बाहेर यायला बारा तासांपर्यंत लागतात, आणि तिथे टाकलेलं किमान १८० दिवस ठेवलं असं धरूनच बिल येतं. त्यात पाच वर्षांपूर्वीचे एक्स-रे चालतील, गेल्या आठवड्याचे सीटी नाही. आणि जो खर्च कुणीच विचारत नाही तो परत आणण्याचा. बाहेर काढायला जीबीमागे सुमारे अकरा सेंट पडतात. चार टीबी परत आणायचे म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या आसपास एकरकमी. आपत्तीच्या दिवशी तो भरायला कुणी कुरकुरणार नाही. पण दर सहा महिन्यांनी रंगीत तालीम करायची, म्हणजे बॅकअपवरून सगळं परत उभं करून पाहायचं म्हटलं की हाच आकडा आडवा येतो आणि तालीम राहून जाते. मला पुण्याचं यंत्र आवडतं त्याचं मोठं कारण हे आहे. दोन डिस्कचं नॅस एकदा चाळीस-पन्नास हजारांत येतं आणि त्याच्यावरून हवं तितक्या वेळा रिस्टोर करून पाहता येतं. डेटाबेसची आणखी एक प्रत क्लाउडवर ठेवा, साठ जीबीला महिन्याला दीड-दोनशे रुपयेही लागत नाहीत.

आता परत उभं करण्याचा वेळ. १०० एमबीपीएसच्या लाइनवरून चार टीबी खाली आणायला ८९ तास लागतात, पावणेचार दिवस. रुग्णानं किंवा नातेवाइकानं कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. डॉक्टरसाहेबांसमोर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा, बाकी पटवावं लागणार नाही. उपाय असा की सगळं एकदम आणायचं नाही. डेटाबेस आधी, तो दीड तासात येतो आणि त्यावर नोंदणी, औषधं आणि बिलं चालू होतात. मग गेल्या तीन महिन्यांच्या प्रतिमा. उरलेलं मागून, डिस्कवर भरून पुण्याहून गाडीनं. पाच तासांचा रस्ता इंटरनेटपेक्षा लवकर संपतो.

मात्र डेटा आला म्हणजे रुग्णालय चालू झालं असं नाही. इथे मी स्वतः ठेचकाळलोय. एका संस्थेत पहिली तालीम केली तेव्हा मी चार तास धरले होते, लागले एकोणीस. डेटा तीन तासांत आला होता. नंतरचे सोळा तास कशात गेले ते सांगतो, कारण तुमच्याकडेही हेच होईल. सॉफ्टवेअरचं लायसन्स जुन्या यंत्राच्या मदरबोर्डला बांधलेलं होतं. नवीन द्यायला व्हेंडरचा जो माणूस लागतो तो रविवारी फोन उचलत नव्हता. लॅबच्या प्रोग्रॅमला मागे यूएसबीचा डोंगल, म्हणजे लायसन्सची छोटी किल्ली लागते, तो जुन्या सर्व्हरलाच खोचलेला. खऱ्या पुरात तो सर्व्हरसोबत बुडाला असता. आणि सीटी मशीन प्रतिमा पाठवेचना. मशीनमध्ये पॅक्सचा आयपी पत्ता, पोर्ट आणि एई टायटल (मशीन पॅक्सला ज्या नावानं ओळखतं ते नाव) हे तिन्ही कंपनीच्या इंजिनिअरनं भरलेलं असतं. नव्या सर्व्हरचं त्यातलं एक अक्षर जरी वेगळं असलं तरी मशीन प्रतिमा देत नाही, आणि मशीनचा पासवर्ड इंजिनिअरकडे.

म्हणून एक वही करा, कागदाची. त्यात प्रत्येक सर्व्हरचा आयपी, एई टायटल, आवृत्त्यांचे आकडे, लायसन्सच्या फायली कुठे आहेत, व्हेंडरचा रविवारचा फोन, इंटरनेटवाल्याचा ग्राहक क्रमांक, आणि कुठल्या क्रमानं काय चालू करायचं ते लिहा. लायसन्स दुसऱ्या यंत्रावर किती तासांत देणार, हे एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभालीच्या, करारात घालून घ्या. वहीची एक प्रत पुण्याच्या यंत्राशेजारी ठेवा. आणि ती वाचून तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला तरी हे काम जमायला हवं. यादीतली शेवटची सामाईक गोष्ट तुम्ही स्वतः आहात, असं मी वर म्हटलं ते यासाठी. २०१९ च्या पुरात आमच्या ओळखीचे दोन सिस्टीमवाले स्वतःच्याच घरात अडकले होते.

बॅकअप बंद पडल्याचं कळणार कसं? बिघाड झाला की मेल येईल यावर विसंबू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका इंजिनिअरकडून रात्री चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तर साठवण रिकामी. डेटाबेसची प्रत काढणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा होता, तो रोज अपयशी ठरत होता, आणि अपयशाचे मेल वाटेतच नाकारले जात होते. कुणाला काही कळलं नव्हतं. सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट दुसऱ्याच कामासाठी घेतलेला सापडला म्हणून बरंचसं वाचलं. तेव्हा व्यवस्था उलटी लावा. बॅकअप यशस्वी झाला की त्यानंच बाहेरच्या सेवेला हाक मारायची आणि सकाळी सहापर्यंत हाक आली नाही तर तुमच्या फोनवर घंटा वाजायची. सोबत कालच्या प्रतीचा आकारही पाठवा. साठ जीबीची प्रत अचानक चारशे एमबीची झाली तर ती यशस्वी म्हणून चालत नाही.

शेवटी तालमीबद्दल. वर्षातून दोनदा, त्यातली एक मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत. रविवार निवडा, जुनं एखादं यंत्र घ्या, रुग्णालयाच्या नेटवर्कला जोडू नका. नाहीतर तालमीचा सर्व्हर खऱ्या मशीनशी बोलायला लागेल. घड्याळ लावा, वही उघडा आणि तुम्ही हात मागे बांधून बसा. तुमच्या सहकाऱ्याला वही वाचून करू द्या. तो जिथे अडेल आणि तुमच्याकडे बघेल, ती जागा वहीत लाल पेनानं लिहा.

सर्व्हर उभा राहिला की रिसेप्शनवरच्या ताईंना बोलवा. तंत्रज्ञाला सगळं हिरवं दिसत असतं. ताईंना नेमकं काय तपासायचं ते माहीत असतं. त्यांना सांगा, गेल्या मंगळवारी आलेला कुठलाही एक रुग्ण शोधा, त्याचं बिल काढा, त्याची जमा रक्कम बघा. फार्मसीतल्या मुलाला एका औषधाचा शिल्लक साठा विचारा आणि कपाटातल्या डब्यांशी ताडून बघा. मग डॉक्टरसाहेबांना त्या यंत्रासमोर बसवा आणि गेल्या आठवड्यातला एक सीटी उघडायला सांगा. ते चित्र पुढे-मागे सरकवतील, जवळ घेऊन पाहतील आणि हा तोच रुग्ण का, ते सांगतील. त्यांनी हो म्हटलं की घड्याळ थांबवा आणि लागलेले तास वहीच्या पहिल्या पानावर तारखेसकट लिहून त्यांची सही घ्या.